साखरबाईंच्या चपला

युद्धबंदीची बातमी टीव्हीवर आली तेव्हा खाली 'उद्या दुपारी बारा' एवढंच लिहिलं होतं. वरवंडमध्ये सगळ्यांनी ते आपलेच बारा धरले.

दुसऱ्या दिवशी बाराला सर्जेरावांनी दर्ग्यासमोर फटाक्यांची माळ लावली. शेखलाल यांनी देगेखालचा जाळ ओढून घेतला. महायुद्ध संपलं की गावाला नियाजचं जेवण घालीन, असं ते बोलले होते. त्यांचा अक्रम आणि सर्जेरावांचा विश्वजीत सुरुंग काढणाऱ्या एकाच पलटणीत होते, परदेशातल्या एका बंदरावर. विश्वजीतच्या आईचा, साखरबाईंचा नवस वेगळा होता. लढाई थांबेपर्यंत पायात काही घालायचं नाही. चौदा महिने त्या अनवाणी होत्या. आता त्यांनी पिशवीतून नव्या चपला काढून घातल्या.

शेखलाल यांची मुलगी तहमीना शिरूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. ती मोबाइलवर कराराचा मजकूर वाचत होती.

"आप्पा, हे बारा ग्रीनिचचे आहेत," ती सर्जेरावांना म्हणाली. "आपल्याकडे साडेपाचला थांबेल."

"मास्तरीणबाई, लढाईलाबी टाइमटेबल लावलं का?" सर्जेराव हसले. "काल सह्या झाल्यात. आता कोण गोळी घालतंय?"

तोफा थांबतील त्या क्षणी ज्याचं सैन्य जिथं असेल, ती त्याची हद्द, असं करारात होतं. म्हणजे दोन्हीकडच्या सेनापतींना हे शेवटचे तासच सगळ्यात मोलाचे. हे मात्र तिनं सांगितलं नाही.

साखरबाईंनी पायांकडं पाहिलं. "काढू का गं मग? अजून थांबली न्हाई म्हंती तर."

"मावशी, चपलांचा आणि लढाईचा काही संबंध नाही," तहमीना वर्गात सांगावं तसं म्हणाली.

साखरबाईंनी चपला राहू दिल्या.

संध्याकाळी सव्वासातला तहमीनाचा फोन वाजला. धाकटा भाऊ अक्रम होता. तो ठीक होता.

"सकाळी हुकूम आला, युद्धबंदी लागायच्या आत जेटी घ्या. तेल तिथूनच उतरतं. ती गेली की समोरचे पुन्हा उभे राहत नाहीत, म्हणाले. विश्वजीत पुढं होता. गेला. तुमच्या घड्याळात चार चाळीस. जेटी मिळाली, आपा. आप्पांना तूच सांग."

तहमीना सर्जेरावांच्या घरी पोचली तेव्हा साखरबाईंच्या चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडीनं ठेवलेल्या होत्या. तिनं सांगितलं. सर्जेराव उंबऱ्यावर बसले. साखरबाई रडल्या नाहीत.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

उत्तरात एकक लिहिलं नाही तर तहमीना विद्यार्थ्यांचे गुण कापायची. तिनं चार चाळीसमधून साडेपाच तास वजा केले.

"अकरा वाजून दहा मिनिटांनी."

"म्हंजी बाराच्या आधी?"

"आधी."

तेव्हा त्या रडल्या.

बारा दिवसांनी सैन्याचं पत्र आलं, इंग्रजीत. सर्जेरावांनी ते तिच्याच हातात दिलं. त्यात अकरा दहा छापलं होतं आणि पुढं बारीक अक्षरांत ग्रीनिच. तिनं आकडा वाचला आणि पुढच्या ओळीवर गेली.

सर्जेराव तिच्याकडं बघत होते. साडेपाच तासांचं त्यांना तिनंच सांगितलं होतं. त्यांनी पत्र मागून घेतलं, घडी करून खिशात ठेवलं.

"ऐकलंस न्हवं?" ते बायकोला म्हणाले. "अकरा दहा."