मास्तरांच्या गाडीच्या ग्रिप

आजारातून उठल्यावर बाबांनी गॅरेजमध्ये परत यायचा धोशा लावला. मला ते नको होतं. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, बारा वर्षं गिऱ्हाइकांसमोर पाणउतारा सोसला. आता चार महिने मी मिस्त्री होतो आणि मला ते फार आवडत होतं.

आईने तोडगा काढला. "एखादं सोपं काम दे त्यांना. जमलं तर येऊ देत, नाही जमलं तर आपणहून घरी बसतील." बाबा तयार झाले. मीही.

काम मी निवडलं. बाबांचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे गणिताचे मास्तर, एक नंबरचे बोलघेवडे. त्यांच्या मोटरसायकलच्या ग्रिप बदलायच्या होत्या. हा तर बाबांच्या हातचा मळ. जुनी ग्रिप ब्लेडने उभी चिरायची, हँडल पुसायचं, नव्या ग्रिपमध्ये थोडं पेट्रोल ओतून फिरवायचं आणि एका दमात ढकलायची. पेट्रोल उडून जातं, रबर घट्ट धरतं. चुकून डिझेल ओतलं तर ग्रिप आणखी सहज जाते, पण डिझेल उडत नाही आणि ग्रिप कधीच धरत नाही. दोन्हींच्या बाटल्या सारख्याच, पांढऱ्या. म्हणून बाबांचा नियम होता, ओतायच्या आधी हुंगायचं.

हा नियम मी अठराव्या वर्षी शिकलो. बाबांनी मुद्दाम बाटल्यांची अदलाबदल केली होती. मी न हुंगता बसवलेली ग्रिप चारचौघांत हातात आली. बाबांनी ती सुतळीत ओवून दिवसभर माझ्या गळ्यात घातली. "नाक कशाला दिलंय रे गाढवा?" येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवत होते. मानेवर आठवडाभर पुरळ होतं.

आता त्यांचंच नाक गेलं होतं. आजाराने वासच नेला. बाजूलाच गॅसवर दूध करपून पातेलं काळं झालं तरी यांना पत्ता नव्हता, असं आईने मला हळूच सांगितलं होतं. "कुणाला बोलू नकोस हं. फक्त मलाच सांगितलंय त्यांनी." मी तिला शब्द दिला होता. मग मी दोन्ही बाटल्यांत डिझेल भरलं.

त्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. ब्लेड सरळ चाललं. बाटली उचलून त्यांनी नाकाशी नेली, जाणकारासारखी मान हलवली आणि ओतलं. खरं सांगतो, मला मजा आली.

दोन्ही ग्रिप एका दमात आत गेल्या.

"बघितलंत मास्तर? हात अजून तोच आहे."

"वा, मिस्त्री! तुमच्याशिवाय या गॅरेजात राम नाही."

सगळ्यांचा चहा पिऊन होऊ दिला. मग उठून उजवी मूठ पिळली आणि ओढली. ग्रिप माझ्या हातात आली. डावीही आली.

बाबांनी ग्रिपच्या आत बोट फिरवलं, चिमटीत चोळलं. "हुंगायचं विसरलो," ते म्हणाले.

"अहो, आत्ता तर हुंगलंत!" मास्तर म्हणाले.

मी दोन्ही बाटल्या बाबांसमोर ठेवल्या. "मग आता हुंगा, बाबा. बोट लावायचं नाही. पेट्रोल कुठलं, सांगा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाले असते तर सुटले असते, पण मास्तर बघत होते. डावी हुंगली, उजवी हुंगली, पुन्हा डावी.

"ही," ते ठामपणे म्हणाले.

मी दोन्ही बाटल्या मास्तरांच्या नाकाखाली धरल्या. मास्तर पोट धरून हसले. "अहो मिस्त्री, दोन्हीत डिझेल आहे!"

सुतळी मी खिळ्याला तयारच ठेवली होती. ग्रिप ओवली. नुसती दाखवणार होतो, पण बाबांनी मान खाली घातली आणि मी ती त्यांच्या गळ्यात अडकवली. मास्तरांचं हसू थांबलं. मिशीखालून काहीतरी पुटपुटत ते उद्या येतो म्हणाले.

घरी गेल्यावर बाबा आईला एकच वाक्य बोलले. "तू सांगितलंस त्याला." त्यानंतर ते तिच्याशी बोललेले नाहीत. माझ्याशी बोलतात, गॅरेज कसं चाललंय विचारतात. मी म्हणतो, छान चाललंय. छानच चाललंय.

परवा दुपारी घरी आलो तर जिन्यातच करपल्याचा वास आला. धावत वर गेलो. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते, निवांत. समोर आई बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"आई, दूध!"

"येतोय मला वास," ती म्हणाली. उठली नाही.

मी गॅस बंद केला. पातेल्याचा कोळसा झाला होता. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि मला विचारलं, "काय झालं रे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "सांग ना," ती म्हणाली. "तुलाच सांगितलं होतं मी सगळं."