शेंदऱ्याचा रंग

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाईंची उभी हयात गेली. हजारो लोकांचे आवाज त्यांनी एकमेकांना जोडून दिले, पण निवृत्त झाल्यावर स्वतःच्या घरचा फोन वाजेल तर शपथ. मूलबाळ नव्हतं, नवराही गेला. मागे राहिला तो त्याने हौसेने आणलेला गोल्डफिश. रंगाने इतका भडक केशरी, की नवऱ्याने त्याचं नावच शेंदऱ्या ठेवलं होतं. बाई त्याच्याशी दिवसभर बोलायच्या, आणि नवऱ्यासारखाच तोही कधी उत्तर द्यायचा नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा बाईंना गुडघ्यापेक्षा माशाची काळजी जास्त. वरच्या मजल्यावर बेकरीत रात्रपाळी करणारा एक एकटा माणूस राहायचा. बाईंना मावशी म्हणायचा, सकाळी कामावरून येताना त्यांच्याकडे चहाला टेकायचा. मी सांभाळतो, तुम्ही निर्धास्त जा, असं म्हणून त्याने टाकी आपल्या खोलीत नेली.

महिन्याभराने बाई काठी टेकत घरी परतल्या. त्याने टाकी आणून जागेवर ठेवली आणि बाई बघतच राहिल्या. आत एक पांढराफटक मासा फिरत होता.

"हा कुठला?"

"शेंदऱ्याच आहे, मावशी. हळूहळू फिका होत गेला. मलाही कळेना."

मासा म्हणजे काय कच्च्या रंगाचं कापड आहे का, असं बाईंनी त्याला सुनावलं. तो शपथेवर सांगत राहिला आणि बाईंचं एकच पालुपद: मेला असेल तर मेला म्हण, पण मला फसवू नकोस. रोज चहा व्हायचा आणि गाडी रोज तिथेच येऊन अडायची. शेवटी एका सकाळी कप खाली ठेवून तो म्हणाला, "मेला, मावशी. मी दुसरा आणला."

बाईंनी त्याला दार दाखवलं. मग कडी लावून त्या हमसून हमसून रडल्या. नवरा गेला तेव्हा पाहुण्यांच्या उठबशीत रडायचं राहूनच गेलं होतं, तेही त्यात आलं. पुढे जिन्यात गाठ पडली तरी बाई भिंतीकडे बघायच्या. तोही मग त्यांच्या दारावरून पाय न वाजवता जाऊ लागला.

मासा परका खरा, पण म्हणून उपाशी कसा मारायचा? बाईंनी त्याला खिडकीपाशी ठेवलं, वेळेवर खायला घातलं, फक्त नाव दिलं नाही की त्याच्याशी बोलल्या नाहीत. घर अगदी मुकं झालं. थंडी सरत आली तशी त्याच्या कल्ल्यामागे एक केशरी छटा दिसली. चष्मा पुसून झाला, तरी ती तिथेच होती. हळूहळू ती पाठीवर चढली तेव्हा बाई काठी घेऊन शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेल्या.

दुकानदाराने विचारलं, मध्ये अंधारात होता का? आजारपण, भीती, खाणं, वय, कशानेही माशाचा रंग बदलतो, त्याने सांगितलं. गोल्डफिशला बरेच दिवस उजेड मिळाला नाही तर कातडीतला रंग उतरत जातो. उजेडात आणल्यावर कधी परततो, कधी नाही.

दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या खोलीत उजेड कुठून येणार? बाई दुकानातून थेट वरच्या मजल्यावर गेल्या. एकेक पायरी चढताना गुडघा ठणकत होता. त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्यामागे भर दुपारी काळोख होता, जाड पडदे खालपर्यंत ओढलेले.

"तो शेंदऱ्याच होता," बाई म्हणाल्या. "मग मेला असं का सांगितलंस?"

"खरं सांगून तुम्हाला पटत नव्हतं. म्हटलं, एकदाच काय ते रडाल आणि मोकळ्या व्हाल."

"रडले."

"माहीत आहे. वर ऐकू येत होतं."

चुकलं माझं, असं बाई म्हणाल्या. ते म्हणणं जिन्यापेक्षा जड गेलं. माझ्या मनात काही नाही, तो म्हणाला. बसा म्हणाला, पण एकुलत्या एका खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता आणि तो उचलायला काही तो वळला नाही. चहाला ये म्हटल्यावर मान डोलावली.

आला एकदा. टाकीत वाकून पाहिलं, सुधारला म्हणाला, चहा गरम असतानाच संपवला आणि झोप येतेय म्हणून उठला. पुढेही बाईंनी बोलावलं की यायचा. आपणहून मात्र कधी आला नाही, आणि बाई तरी किती वेळा बोलावणार.