फ्लेक्सवरचे अण्णाजी

अण्णाजींना व्हिसा मिळाला नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. देवळीत विचाराल तर ते अमेरिकेतच आहेत, तीन आठवड्यांचा दौरा आहे, आणि बसस्टँडसमोरचा माझा फ्लेक्स त्याला साक्ष आहे.

आमच्याकडे अभिनंदन आधी लागतं, काम नंतर होतं. मतमोजणीच्या आधी विजयाचे फ्लेक्स मीच छापतो. अण्णाजी निवृत्त एसटी ड्रायव्हर. मुलगी आकांक्षा अमेरिकेत, नात चार वर्षांची, आजोबांना फक्त फोनच्या काचेत ओळखते. नात म्हणाली, "आबा, ग्रँड कॅन्यनवर आपण हात धरून उभं राहू." झालं. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आली त्याच दिवशी मी फ्लेक्स टांगला. डावीकडे स्वातंत्र्यदेवी, उजवीकडे गोल्डन गेट, मागे नायगारा कोसळतोय आणि ग्रँड कॅन्यनच्या काठावर अण्णाजी, गळ्यात हार. सावलीसुद्धा नीट पाडली.

छोटी प्रत त्यांच्या पिशवीत मीच टाकली. "राहू द्या अण्णाजी, इम्प्रेशन पडते."

मुंबईला खिडकीवर साहेबानं विचारलं, याआधी अमेरिकेत गेला होता?

"नाई."

मग तिथं काय बघणार?

अण्णाजींनी प्रत पुढे केली.

हा कोण?

"मीच आहो."

खोटं बोलायची सवय नाही माणसाला. फोटो बनवलेला आहे हे सांगेपर्यंत पासपोर्ट परत हातात आला होता.

देवळीत फ्लेक्स असल्यामुळे त्यांना देवळीत उतरता येईना. वडनेरला बहिणीकडे लपले. मी भेटायला गेलो, तर ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलेले.

"अंकुश, त्या दरीपाशी थंडी असते काय रे? गावात लोक विचारतीन."

"असते. स्वेटर लागते."

"आन् नात विचारन, आबा काऊन नाई आले, तं काय सांगू?"

तेवढ्यात फोन वाजला. काचेत नात होती. अण्णाजींनी तो शेंगांच्या टोपल्यात उपडा ठेवला आणि सोलत राहिले.

मी घरी येऊन अर्ज लिहिला.

प्रति, मा. व्यवस्थापक, ग्रँड कॅन्यन, अमेरिका.
विषय: काठावरील जागा राखून ठेवणेबाबत.

महोदय, सोबतच्या फ्लेक्समध्ये अण्णाजी उभे आहेत ती जागा, शेजारच्या एका लहान मुलीपुरत्या जागेसह, रिकामी ठेवण्यात यावी. तिथून नायगारा दिसत नाही, याची अर्जदारास आता कल्पना आहे. चूक अर्जदाराची आहे. तरी अण्णाजी येईपर्यंत त्या जागी अन्य कोणासही उभे राहू देऊ नये, ही नम्र विनंती.