माझ्या नावाने उघडतं

जुन्या डिस्कचा उरलेला एक स्क्रू तिच्या बोटाखाली टेबलावर गरगरत होता... फोन पुन्हा वाजला तरी तिने स्क्रू थांबवला नाही. तक्रार तीच असणार. मशीन पासवर्ड घेतं आणि बाहेर हाकलतं.

सगळ्यांची घरं — ऑफिसच्या मुख्य मशीनवरच्या ज्याच्या त्याच्या फोल्डरला घरच म्हणतात — तिने काल नव्या डिस्कवर हलवली होती, मालकाच्या नावासकट, जशीच्या तशी. आणि आज हिशेबवाले, नकाशेवाले, झाडून सगळे बाहेर. ती मात्र खुशाल आत जात होती. सगळं जागच्या जागी. तुम्हीच चुकीचं टाइप करताय, असं तिने लोकांना सुनावलंही होतं.

साहेब दाराला टेकले. "बाई, चालत्या गाडीला खीळ घातलीत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत झालं नाही तर जुनं परत लावा, आणि मशीनला पुन्हा हात लावू नका."

परत... सकाळी वडीलही हेच म्हणाले होते, मला माझ्या घरी परत नेऊन सोड. त्यांना आपल्याकडे राहायला आणताना त्यांची खाट आणली, रेडिओ आणला, उशीसुद्धा तीच — कमी काय होतं? तिने एकेक वस्तू दाखवून ऐकवलं होतं, उपकार मोजल्यासारखं. म्हातारा खोलीबाहेर पाऊल टाकत नाही, वर तोंड पाडून बसतो. हो, म्हाताराच म्हणाली होती ती मनात.

वैतागून ती आपल्या नावातून बाहेर पडली आणि हिशेबवाल्याच्या नावाने आत शिरायला गेली. उंबऱ्यावरच अडली. आतली घरं ठीक होती. नव्या डिस्कचा बाहेरचा दरवाजाच फक्त मालकापुरता उघडा होता. आणि डिस्क तिने लावलेली, म्हणून मालक तीच. मालकाला मशीन अडवतच नाही, मग त्याला बंद दार दिसणार कसं? गाढवासारखी सकाळभर स्वतःच्याच नावाने तपासत बसली होती.

एका ओळीच्या आज्ञेने दार सगळ्यांना उघडलं. फोन गप्प झाले. साहेब म्हणाले, एवढंच होतं तर इतका वेळ काय करत होतात?

तिने घरी फोन लावला.

"बाबा, जेवलात?"

"तू आलीस की बघू."

"फ्रिजमध्ये काढून ठेवलंय ना सगळं."

"असेल..."

"उघडून बघितलं नाहीत?"

"मी कसा उघडू? तू ये."

फोन ठेवून ती बसून राहिली. दमलेल्या डोक्याने, डोळे मिटून, त्यांच्या नावाने आपल्याच घरात शिरायला लागली... चपला कुठे काढायच्या, कुठल्या खुर्चीवर बसलेलं चालतं, दिव्याचं बटण कुठलं, आणि हे विचारायचं तर कुणाला... मुलीच्या कपाळावरच्या आठीला? ती दारातच उभी होती. पुढे जाता येईना.