कोपऱ्यातला सात

दहावीत गेल्यापासून मला कोणाशीही बोलायची भीती वाटत नाही. त्यामुळे नागरिकशास्त्राच्या बाईंनी प्रकल्प सांगितला तेव्हा सगळ्यात आधी माझाच हात वर! कागदावर एक रेघ, शून्य ते दहा. शून्य म्हणजे पक्का डावा: सगळ्यांना सारखं मिळावं, कायदा कामगाराच्या बाजूने असावा. दहा म्हणजे पक्का उजवा: ज्याने त्याने आपल्या हिमतीवर कमवावं, जुनी घडी मोडू नये. बारा मोठ्या माणसांनी आपण जिथे बसतो तिथे फुली मारायची आणि खाली 'का' ते लिहायचं. नाव लिहायचं नाही.

बाबा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि त्याला धरून तिथे बरोब्बर बाराजण आहेत. "ये की घेऊन," बाबा लगेच म्हणाला. एवढ्या लगेच तो मला आइस्क्रीमलाही हो म्हणत नाही. पण तेव्हा माझी ट्यूब पेटली नाही.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी कागद वाटले.

"मी आपला मधोमध," कटिंगवाले काका म्हणाले. "कडेला बसलं की वारं लागतं."

"हे टीव्हीवर येणार का गं?" शिलाईवाली ताई म्हणाली, आणि सगळे हसले. फक्त पानमावशी खाली मान घालून लिहीत होती. छापलेली पानं क्रमाने लावायचं काम ती चौदा वर्षं करते. एक पान उलटं लागलं तरी म्हणे तिच्या बोटांना कळतं. तिने लिहून, घडी घालून कागद खळीच्या रिकाम्या डब्यात टाकला आणि लगेच परत काढला. अंगठा कोपऱ्यावर होता.

"हा पेन्सिलीचा सात कसला?"

"नंबर आहे, मावशी. मागे माझे कागद हरवले, तर बाईंनी मार्क कापले. म्हणून मोजायला टाकलाय."

"मला सात. माझ्याआधी हिला दिलास, तो सहा."

हसणं बंद. शिलाईवाली ताई डब्याकडे बघत राहिली, जणू आत विंचू आहे.

"नाव नको म्हणे," काका म्हणाले. "शोभतेस हो सुपरवायझरची लेक!"

"अहो काका, शाळेचं आहे हे!"

"सुरुवातीला सगळं शाळेचंच असतं," मावशी म्हणाली. मग तिने कागद पुन्हा डब्यात टाकला. "असू दे. लिहिलंय ते लिहिलंय."

घरी येऊन मी कागद उघडले. आठजण पाचावर! खाली कारणं काय, तर 'भांडण नको', 'नवरा म्हणतो म्हणून'. बाबाचा बारावा कागद, तोही पाच: 'दोन्हीकडचं ऐकावं लागतं.' आणि सातवा? एक. 'सुट्टीचा पगार मागितला की मालक दार दाखवतात. एकटीला दार दाखवता येतं, बाराजणांना नाही. संघटना करायला हवी.'

मी ते तीनदा वाचलं. तेवढ्यात बाबा उन्हातून आला, तशी मी कागद पटकन उशीखाली सरकवले. का सरकवले, माहीत नाही.

"ते कागद दे बरं जरा," बाबा म्हणाला. "कोणाचा कोणता, कळतं का गं?"

"का?"

"सहज."

आमच्या घरात सहज काही नसतं. माझी सायकल कितीला जाईल असं बाबाने सहज विचारलं होतं, आणि आठवड्याने सायकल गेली.

"बाबा, कोणी मागितलेत?"

तो खुर्चीत बसला. "मालकांनी. पुढच्या महिन्यात दोघांना कमी करायचंय. म्हणाले, तुझ्या पोरीचे कागद बघू, मग ठरवू कोणाला."

"म्हणून मला लगेच हो म्हणालास?"

"छे! त्यांनी नंतर विचारलं."

बाबा खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. पण आज तो उन्हातूनच आला होता, कान आधीच लाल. काय समजायचं माणसाने?

"कागद मैत्रिणीकडे राहिलेत, सोमवारी आणते," मी म्हणाले. माझे कान लाल होत नाहीत.

सोमवारी शाळेआधी मी थेट कारखान्यात गेले. शिलाईवाल्या ताईने मला बघून स्टूल फिरवलं. मी गठ्ठा कटिंग मशीनवर ठेवला.

"काका, सगळ्यांसमोर बारीक कापा."

काकांनी हात मागे घेतले. "मी नाही बाई. उद्या म्हणतील, याने स्वतःचा लपवला."

दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय त्या मशीनचं पातं खाली येत नाही, आणि मला तर बाबा त्याच्या आसपासही फिरकू देत नाही. केबिनमधून मालकांचा आवाज आला, "आणले का रे तिने?"

बाबा आला. त्याने गठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पानमावशीने मान वर केली नाही. ती लावलेलीच पानं पुन्हा लावत होती. बाबाने कोपराने मला बाजूला सारलं, कागद ठोकून एकसारखे केले आणि दोन्ही बटणं दाबली. खच्. गठ्ठा फिरवला. खच्. असं किती वेळा, मी मोजलं नाही. पट्ट्या कचऱ्याच्या पोत्यात गेल्या.

"आणले होते, साहेब," तो मोठ्याने म्हणाला. "चुकून रद्दीबरोबर कापले गेले. चूक माझी." त्याचे कान लालबुंद झाले होते, आणि इथे ऊनबीन काही नव्हतं.

मालक दारात आले. पोत्याकडे आणि मग बराच वेळ बाबाकडे बघत राहिले. "असं होय," एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं. दोघांपैकी एक ठरला, हे मला तिथल्या तिथे कळलं. बाबालाही कळलं असणार, कारण तो उगाच मशीन पुसायला लागला.

मी निघाले तर पानमावशी फाटकापाशी माझ्या मागे.

"कागद गेले. पण तुझ्या डोक्यात आहेत ना? सातव्यावर काय होतं?"

"कुठला सातवा, मावशी?"

उलटं पान शोधावं तशी ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"खोटं छान बोलतेस," ती म्हणाली. "बापापेक्षा छान." आणि आत निघून गेली.