शेपटीच्या मुळाशी पिवळं

दुर्बिणीच्या डाव्या भिंगावर पुन्हा अंगठ्याचा ठसा – रोज सकाळी नवरा ती पुसायचा आणि पुसता पुसता ठसा उमटवायचा, त्याला तो दिसायचा नाही, मग हिने पुन्हा बाहीने पुसायची... हिला जणू दुसरा उद्योगच नव्हता.

व्हरांड्यासमोर शेवाळाने मढलेली झाडं, त्यांच्यात अडकून बसलेलं धुकं, आणि त्या धुक्यात बोटभर शिंजीर शोधायचा – डोळे हिचे, हुकूम त्याचा.

"अगं, पाठ दाखवली का त्याने?"

"अहो, पाखरू आहे ते. शिंप्याकडे माप द्यायला नाही आलेलं."

बागेतला शिंजीर आणि डोंगरातला शिंजीर, दोघांचाही गळा जांभळा, चोच वाकडी; फरक एवढाच की डोंगरातल्याच्या शेपटीच्या मुळाशी पिवळं असतं, आणि तो अशी उंचावरची ओली झाडी सोडून कुठे जात नाही. गेल्या वर्षी, डोळे पुरते जाण्याआधी, नवऱ्याने तो इथेच पाहिला होता. पक्षीमित्रांच्या बैठकीत सांगितलं तर सगळे गालातल्या गालात हसले – यांना म्हणे पिवळं दिसलं! हा एकटा सगळ्यांशी भांडून आला. तेव्हापासून हाच जप: नीट बघ, पिवळं होतं का, किती पिवळं, लिंबासारखं की हळदीसारखं... मी कुठल्या रंगाचे कपडे घातलेत हे मात्र उभ्या जन्मात विचारलं नाही या माणसाने, डोळे धडधाकट होते तेव्हाही.

तेवढ्यात शिंजीर आला. लाल फुलाला उलटा लोंबकळला, वळला – आणि शेपटीच्या मुळाशी पिवळं, अगदी लख्ख. क्षणभर ते फक्त तिचं होतं, कुणालाही न सांगितलेलं. मग तो उडाला.

"काय गं? होतं काही?"

"साधाच. बागेतला."

का म्हणाली तसं? निव्वळ वैतागाने. आता हा खोदून खोदून विचारणार, पाठ कशी होती, बसला कुठे, आणि मी दोन-चार प्रश्नांनंतर सांगून टाकणार – नेहमीसारखी हातपाय आपटत, पण सांगून टाकणार...

त्याने मान हलवली.

"बरं. तू म्हणतेस म्हणजे साधाच." तो म्हणाला, "तेव्हाही साधाच असेल मग. मलाच नीट दिसलं नसेल."

आणि तो हातानेच खुर्चीची पाठ चाचपत आत जायला उठला.

फूल अजून हलत होतं. रोज जीव खाता, आणि नेमकं आजच गप्प बसायचं सुचलं? तिला त्याचा इतका राग आला, इतका, की ती दुर्बिणीचं भिंग बाहीने घासतच राहिली. विचारा ना, अहो... एकदा विचारा, किती पिवळं... हळदीसारखं होतं हो, अगदी हळदीसारखं...