वर्नेटाची गहाण गाडी

मी एक जुनी, निळी, चार दारांची गाडी आहे. अलाबामातल्या एका लहान गावात वर्नेटाच्या अंगणात उभी असते. मित्रांनो, कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या रंगात तोंड दिसत असे. माझे पहिले मालक, निवृत्त पोस्टमास्तर, मला रविवारी चर्चपुरतेच बाहेर काढीत. वर्नेटाने घेतल्यावर मात्र मला रोजचे काम लागले. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुते. इस्पितळ लांब आहे आणि तिकडे बस जात नाही. गाडी गेली तर नोकरी जाणार, आणि तिच्या लेकीला, जोसीला, सांभाळणारे दुसरे कोणी नाही.

जोसीचा दमा वाढला. बिल भरायला वर्नेटाने माझे मालकीचे कागद गहाण ठेवून कर्ज काढायचे ठरवले. इस्पितळातल्या नोकरांची पतपेढी होती, पण तिथल्या खिडकीवर चर्चमधलीच बाई बसते. तिला कळले तर गावभर होईल, म्हणून वर्नेटा एका अनोळखी सावकाराकडे गेली. दर महिन्याला ती व्याज भरी आणि मुद्दल जिथल्या तिथे राही. जुलैत व्याजही चुकले, आणि आता सावकार मला ओढून नेऊ शकत होता. मग ती मला चर्चमागे झाडाआड लपवू लागली. रस्त्यावर मोठी गाडी वाजली की तिचा हात माझ्या दारावर घट्ट होई.

एका शुक्रवारी सामान उतरवायला तिने मला अंगणात आणले आणि सावकाराने पाठवलेली, गाड्या ओढून नेणारी ओढगाडी आलीच. ड्रायव्हर साखळी सोडू लागला. वर्नेटा रडत सगळे बोलून गेली, ते कुंपणापलीकडे ऐकू गेले. शेजारची मिस ओपल शेंगांची परात घेऊन आली, माझे दार उघडून आत बसली आणि कडी लावली. माणूस आत असताना गाडी ओढायची नाही, हे त्या ड्रायव्हरलाही ठाऊक होते.

"आजी, उतरा. मला हुकूम आहे."

"हुकूम गाडीला आहे पोरा, मला नाही. मी शेंगा सोलतेय."

"किती वेळ?"

"या संपेपर्यंत. घरात अजून टोपलीभर आहेत."

मग तिने काच बोटभर खाली करून आपल्या गाडीच्या किल्ल्या वर्नेटाला दिल्या. "पतपेढीत जा. खिडकीवरची बाई काय तुला खाते?"

वर्नेटा गेली. ऊन चढले. माझा पत्रा तापला, आतली हवा भट्टीसारखी झाली. म्हातारीचा घाम माझ्या सीटवर ठिबकत होता, पण मला ती काच आणखी खाली करता येईना. तिचे हात मंदावले, एकदा थांबले. ड्रायव्हरने घाबरून गार पाण्याची बाटली फटीतून आत सरकवली. तिने पाणी घेतले, कडी तशीच ठेवली.

परातीत मूठभर शेंगा उरल्या होत्या, तेव्हा ड्रायव्हरला सावकाराचा फोन आला. त्याने ऐकले आणि साखळी गुंडाळली. वर्नेटाने पतपेढीतून कर्ज घेऊन थेट सावकाराचे सगळे पैसे फेडले होते. आता पतपेढीचा हप्ता पगारातून कापला जातो, त्यात मुद्दलही फिटते, म्हणून हे कर्ज एक दिवस संपणारे आहे.

ती परत आली तेव्हा मिस ओपल तिच्या खांद्याला धरून उतरली. "आधी बोलली असतीस, तर या शेंगा मी सावलीत बसून सोलल्या असत्या," एवढेच म्हणाली.

मित्रांनो, मला धुवा, माझे तेल बदला. घरात पैशांची ओढाताण असली तर जवळच्या माणसाला वेळेवर सांगा. माझ्या सीटच्या फटीत एक शेंग अजून अडकली आहे. झाडताना ती तेवढी राहू द्या.